तलावाच्या चित्रात मे महिना नाही

गावतलाव सुशोभीकरण समितीच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

आपण तयार करून घेतलेल्या आराखड्याचे मोठे रंगीत चित्र गेल्या महिन्यात मारुतीच्या देवळात लावले गेले आणि ग्रामस्थांनी आपल्या सूचना लेखी द्याव्यात, असे त्याखाली लिहिलेले होते. मी आणि माझे यजमान ते पाहायला दोनदा गेलो, कारण पहिल्या दिवशी ह्यांचा चष्मा घरीच राहिला होता. चित्र सुबक आहे. तलाव काठोकाठ भरलेला, पाणी निळेशार, चारही बाजूंनी दगडी पिचिंग (उतारावर रचून बसवलेले दगड), पाळीवर म्हणजे तलावाच्या बांधावर रंगीत पेव्हर ब्लॉकचा फिरण्याचा मार्ग, दोन उंच हायमास्ट दिवे, पायडलच्या होड्या आणि एका कोपऱ्यात हृदयाच्या आकाराचा सेल्फी पॉइंट. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवले असल्यामुळे समोर आलेला कागद तपासण्याची सवय अजून जात नाही. या चित्रात मला एकच चूक सापडली, पण ती मुळातली आहे. चित्रातला तलाव ऑक्टोबरातला आहे. त्यात एप्रिल नाही, मे तर नाहीच नाही. आणि आम्हां दोघांचा, गावातल्या गुराढोरांचा, मासेमारी करणाऱ्या ढिवर मंडळींचा व पाखरांचा तलावाशी सर्वांत जास्त संबंध येतो तो नेमका याच महिन्यांत. या पत्रात मी फक्त त्या सुटलेल्या महिन्यांविषयी लिहिणार आहे.

आपल्यापैकी काही सदस्य बाहेरगावचे आहेत, म्हणून थोडे सांगते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातले आमचे हे गाव तलावामागून वसलेले आहे. आधी तलाव, मग धानाची शेती, मग घरे. या पट्ट्यातले बहुतेक मोठे तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले, आणि जवळचा नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, मालकीचे झाले आणि 1950च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर ते सरकारजमा झाले. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. 1956 साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो, 1960 साली महाराष्ट्रात, आणि 1999 साली भंडाऱ्यातून वेगळे निघून गोंदिया जिल्ह्यात. तलाव जिथे होता तिथेच राहिला, बदलत गेला तो त्याचा पत्ता. (माझे यजमान पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले असल्याने हे वाक्य त्यांनी आग्रहाने घालायला लावले आहे.)

आमचे घर पाळीच्या पश्चिम टोकाला, उताराच्या खाली आहे. निवृत्तीनंतर आम्ही जुने कवेलूंचे घर दुरुस्त करून येथेच राहिलो. मुलगा पुण्याला आहे. दर मार्चमध्ये त्याचा फोन येतो की उन्हाळ्याचे तीन महिने तरी इकडे या, खोलीत एसी आहे. आम्ही एकदा गेलो होतो. एसी उत्तम होता, परंतु खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसत असे आणि सूर्य कुठून उगवतो हे आठ दिवस कळले नव्हते. नवव्या दिवशी आम्ही परत आलो. हा आमचा हट्ट आहे हे मान्य. मात्र 45 अंशांच्या उन्हात सत्तरीतली दोन माणसे येथे सुखाने राहू शकतात, ती कशाच्या जोरावर, हे आपण समजून घ्यावे अशी विनंती आहे.

आमचा उन्हाळा होळीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. त्या दिवशी हे घाटाच्या दगडी पायरीवर पाणी जिथे टेकलेले असते तिथे गेरूने एक आडवी रेघ ओढतात आणि नंतर दर रविवारी एक नवी रेघ. कागदावरची तारीख पुसते, दगडावरची पुसत नाही, असे त्यांचे म्हणणे. प्रत्यक्षात पहिल्या पावसात सगळ्या रेघा वाहून जातात, पण तोवर त्यांनी त्या वहीत उतरवलेल्या असतात. मार्चमध्ये दोन रेघांत दोन-तीन बोटांचे अंतर असते, मे महिन्यात ते चार बोटांवर जाते. म्हणजे नुसते ऊन आणि वारा आठवड्याला चार बोटे पाणी पिऊन टाकतात. पाळीकडून पाहिले तर हे काहीच वाटत नाही, कारण पाळीला पाणी खोल असते. परंतु समोरच्या बाजूला जमीन ताटासारखी सपाट असल्यामुळे पायरीवरच्या चार बोटांना तिकडे वीस-वीस पावलांची जमीन उघडी पडते. आमचे तलाव म्हणजे विहीर नव्हे. एका बाजूला मातीची पाळ आणि बाकी तिन्ही बाजूंना अलगद चढत जाणारा उतार, अशी त्यांची बांधणी आहे. तो उतार मे महिन्यात उघडा पडतो, आणि आपल्या आराखड्यात त्याला ‘पडीक गाळक्षेत्र’ म्हटले आहे. माझे सारे म्हणणे या दोन शब्दांपाशी आहे.

पहाटे साडेचारला आम्ही उठतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मोहाची फुले पडत असतात आणि टोपल्या घेतलेल्या बायका अंधारातच पाळीवरून जातात. त्यांच्या बोलण्याने आम्हांला जाग येते, गजर लागत नाही. रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला भात, मीठ, कांदा आणि कैरीची फोड एवढा आमचा सकाळचा आहार, आणि तो होताच आम्ही घाटावर जाऊन बसतो. सूर्य वर येईपर्यंतचा जो दीड तास असतो, तो आमच्यासाठी दिवसातला सगळ्यांत श्रीमंत वेळ. उघड्या पडलेल्या ओल्या चिखलात शेकाटे आपले लांब गुलाबी पाय उचलत चालत असतात, बगळे एका रांगेत उभे राहतात, आणि अडई बदकांचा थवा शिट्ट्या घालत उतरतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी एक सारस जोडी चार दिवस रोज सकाळी समोरच्या काठावर येत होती. महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ आपल्याच जिल्ह्यात उरले आहेत, हे आपण सगळे भाषणांतून सांगतो. ते पक्षी चार दिवस काय करत होते, तर त्या ‘पडीक गाळात’ चोच खुपसून खात होते. त्याच ठिकाणी आराखड्यात दगडी पिचिंग आहे.

सात वाजता म्हशी येतात. सपाट काठावरून म्हैस हळूहळू पाण्यात उतरते, पोटापर्यंत गेली की थांबते, मग बसते. उन्हाळ्यात दुपारभर म्हशीला पाणी मिळाले नाही तर ती दुधाला आखडते, हे गावातले पोरही सांगेल. तिरक्या रचलेल्या दगडांवरून म्हैस कशी उतरणार, याचा विचार चित्र काढणाऱ्याने केलेला नसावा. त्याच्या चित्रात म्हैस नाही.

त्याच सुमारास ढिवर मंडळी जाळी ओढून परत येतात. पाणी कमी झाले की मासे दाटीने राहतात, त्यामुळे त्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग उन्हाळ्यातच हाती येतो. ढिवरांच्या संस्थेने सोडलेले रोहू-कतला असतातच, पण आम्ही घेतो ती मरळ नाहीतर मूठभर बोटरी. त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला जे शिकवले ते मी शाळेत कधी शिकवले नव्हते. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की गावठी मासा खोल पाणी सोडून त्याच सपाट उतारावर चढतो, कारण उन्हाळ्यात उघड्या राहिलेल्या त्या जमिनीवर जे गवत उगवलेले असते त्यात त्याला अंडी घालायची असतात. उतारावर दगड रचले तर गवत नाही, आणि गवत नाही तर गावठी मासा नाही. मग प्रत्येक पिल्लू विकत आणून सोडावे लागेल. ते गृहस्थ आपल्याकडे सूचना लेखी देणार नाहीत, कारण त्यांना लिहिता येत नाही. म्हणून मी लिहीत आहे.

दहा वाजल्यानंतर आम्ही बाहेर पडत नाही. सपरीला (ओसरीला) वाळ्याच्या ताट्या लावलेल्या आहेत, त्यांवर दर तासाला पाणी मारायचे, रांजणातले पाणी प्यायचे, पन्हे किंवा आंबील करायचे आणि वीज असेल तर कूलर लावायचा. या पाच-सहा तासांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही, आम्ही झोपतो. एवढे मात्र नोंदवते की दुपारनंतर तलावावरून वारा आला म्हणजे आमच्या सपरीत आणि गावाच्या वरच्या आळीत जाणवण्याइतका फरक असतो, आणि वरच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्या बायका त्यासाठीच दुपारी आमच्याकडे येऊन पडतात. तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलातून आलेली माणसेही पाळीवरच्या जांभळीखाली बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. आराखड्यात फिरण्याच्या मार्गाच्या आड येणाऱ्या ज्या सात झाडांवर लाल फुली आहे, त्यांत ही जांभूळही आहे. एवढी सावली देणारे झाड तोडून त्याच जागी लोखंडी छत्री उभारायची, हा हिशेब मला समजलेला नाही. मेमध्ये लोखंडी छत्रीखाली एकदा बसून पाहावे.

आता टिटवीविषयी. घाटाच्या डावीकडे, दुसऱ्या शिंदीच्या झाडापलीकडे खड्यांची एक उघडी जागा आहे. तेथे टिटवीने यंदाही अंडी घातली आहेत. घरटे म्हणावे असे काही नाही; खड्यांमध्ये एक उथळ खळगा आणि त्यात चार अंडी, मातकट रंगावर काळे ठिपके, इतकी खड्यांसारखी की हे त्यांच्यापासून तीन पावलांवर उभे असूनही मला विचारत होते की कुठे आहेत. दुपारी खडे हाताला चटका देतात एवढे तापतात. अशा वेळी टिटवी पाण्यात जाते, पोटाची पिसे भिजवते, लगबगीने परत येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. आम्ही ताट्यांवर पाणी मारतो तेच ती करते. यासाठी तिला पाणी जवळ हवे आणि पाण्यापर्यंत चालत जाता येईल अशी जमीन हवी. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, असे आमच्याकडे मानतात. यंदा ती गेल्या वर्षीपेक्षा हातभर वर आहेत, म्हणून हे खुशीत आहेत. मी त्यांना म्हटले, पावसाचे राहू द्या, आधी तिच्या डोक्यावर पेव्हर ब्लॉक येत नाहीत ना ते पाहा.

संध्याकाळी साडेसहानंतर पाळीवर गाव जमते. येथे आपली आणि आमची इच्छा एकच आहे: माणसांना बसायला जागा हवी, विशेषतः बायकांना, ज्यांना देवळाच्या ओट्यावर पुरुष बसलेले असताना टेकायलाही जागा नसते. बाके जरूर करावीत. परंतु पाळीचा माथा मातीचाच ठेवावा. मातीची पाळ संध्याकाळी पाणी शिंपडले की अर्ध्या तासात थंड होते आणि आम्ही चपला काढून चालतो. सिमेंटचे ठोकळे रात्री नऊपर्यंत तव्यासारखे असतात, हे आपण बाजारचौकात अनुभवतोच.

रात्री आम्ही अंगणात बाज टाकून झोपतो. नवतपाच्या, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत घरात झोपणे शक्यच नसते. अंधार पडला की रातवा पक्षी तापलेल्या वाटेवर बसून एकसारखा चुक-चुक करत राहतो, मध्येच टिटवी ओरडते, आणि मृग जवळ आला की जांभळीच्या बाजूला काजवे दिसू लागतात. हे आम्ही कौतुक म्हणून सांगत नाही. हीच आमची रात्र आहे. आपल्या आराखड्यातला एक हायमास्ट दिवा आमच्या अंगणापासून साठ पावलांवर येतो. त्याच्या उजेडात काजवे दिसणार नाहीत, आम्हांला झोप लागणार नाही आणि दिव्याभोवतीचे सगळे किडे अंगणात येतील. दिवे देवळाच्या बाजूला, कमी उंचीचे, खाली उजेड पाडणारे लावावेत आणि रात्री दहानंतर ते बंद करावेत.

मी केवळ नकारच देत आहे असे वाटू नये. तलावाला कामाची गरज आहेच, पण ती चित्रात दिसणाऱ्या जागी नाही. तुडूम, म्हणजे तलावातून पाणी सोडण्याचे दार, कित्येक वर्षांपासून गळते आहे. जानेवारीपासूनच पाणी नालीतून वाहून जाते आणि त्याचा उपयोग धानाच्या कोणत्याही बांधीला (शेताच्या तुकड्याला) होत नाही. त्याच्या दुरुस्तीने मे महिन्यात घाटाच्या आणखी दोन पायऱ्या पाण्याखाली राहतील, असा ह्यांचा वहीवरून अंदाज आहे. पाळीच्या आतल्या अंगाचे जुने दगड लाटांनी घसरले आहेत. पिचिंग करायचेच तर तेथे करावे, तेथे ते मुळातच होते. उत्तरेकडे बेशरम हे झुडूप माजले आहे, ते पावसाआधी मुळासकट काढावे, नुसते वरून कापून उपयोग होत नाही. आणि स्वच्छतागृहाची कल्पना आम्हांला मनापासून पटली, फक्त चित्रात ते ज्या बाजूने पावसाचे पाणी तलावात येते त्याच बाजूला दाखवले आहे. ते पाळीच्या खालच्या अंगाला न्यावे. कारण सांगण्याची आवश्यकता नसावी.

खोलीकरणाविषयी थोडे अधिक लिहावे लागेल. गाळ काढून शेतात टाकणे हे चांगले काम आहे. त्यासाठी 2017 पासून सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे, आणि त्याआधीही आमचे शेतकरी उन्हाळ्यात बैलगाड्यांनी तलावाची माती नेतच होते. ते वरचा थर खरवडून नेत, त्यामुळे उतार उतारच राहत असे. गेल्या उन्हाळ्यात मात्र एका कंत्राटी यंत्राने तीन दिवसांत पुरुषभर खोल, उभ्या कडांचे चार खड्डे केले आणि यंत्र निघून गेले. चौथ्या दिवशी शेजारच्यांची वगार (म्हशीची वाढती पारडी) त्यातल्या एका खड्ड्यात घसरली. तळाशी चिखल होता, कडा सरळ होत्या, तिला पाय टेकायलाच जागा मिळेना. ह्यांनी आणि पाच पोरांनी भर दुपारी दोन तास खपून, कडेची माती फावड्याने तिरकी करून तिला वर काढली. त्यानंतर ह्यांना दोन दिवस उन्हाचा ताप होता आणि मी त्यांच्याशी एक दिवस बोलले नाही, कारण वय विसरून खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाशी काय बोलणार. वगार वाचली. परंतु पावसाळ्यात ते खड्डे पाण्याखाली गेल्यावर उथळ समजून पोहायला उतरणाऱ्या मुलाचे काय होईल, या विचाराने सबंध आषाढ मी पोरांना घाटापलीकडे जाऊ दिले नाही. म्हणून खोलीकरण करताना पाळीच्या पायथ्यापासून दूर राहावे, गाळ थराथराने काढावा, कडा तिरक्या ठेवाव्यात, आणि काम संपल्यावर ढिवर संस्थेच्या माणसाने पाहून होकार दिल्याशिवाय यंत्र सोडू नये.

होड्यांना आमचा विरोध नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्या खुशाल चालवाव्यात. मेमध्ये त्या चिखलात रुतून बसतील, त्यांचे भाडे भरणारे कोणी मिळणार नाही, आणि मग त्या चालाव्यात म्हणून कोणीतरी तलावात बोअरचे पाणी सोडण्याची कल्पना काढील. ती कल्पना निघण्याआधीच विरोध नोंदवून ठेवते.

आपली पुढची बैठक पावसाळ्यानंतर, तलाव भरल्यावर ठेवली आहे असे कळले. ती कृपया मृगाच्या आधी घ्यावी, आणि सभागृहात न घेता आमच्या अंगणात घ्यावी. पाच वाजता या, म्हणजे ऊन कलते. पन्हे तयार असेल आणि रेघांची वही ओट्यावर काढून ठेवलेली असेल. बरोबर चित्रही आणा. ते घाटावर उभे राहून समोरच्या काठाशी ताडून पाहू. गाडी देवळापाशीच ठेवा आणि पाळीवरून उजव्या कडेने चालत या, डावीकडे शिंदीपलीकडे जाऊ नका. अंडी अजून फुटायची आहेत, आणि टिटवी अनोळखी माणसाच्या डोक्यावर झेप घेते.

कळावे,

आपली नम्र,
घाटाशेजारच्या घरातली निवृत्त शिक्षिका
(आणि वहीची जबाबदारी घेणारे तिचे यजमान)